धोंडीचं बारसं

एका राज्यात कुंदावती नावाची राणी होती, आणि तिच्या गुडघ्यांत निखाऱ्याची पाल शिरली होती. राजवैद्याने नाडी धरली आणि सरळ सांगितले, "ही मरेपर्यंत निघायची नाही, राणीसाहेब."

राणीने वैद्याला शपथ घातली, कोणाला सांगायचे नाही. पण त्या पालीचा शापच असा, की लपवली की आग हातांत उतरे. राणी लेकीची, इरावतीची, वेणी घालायला बसली, तर फणी जळून कोळसा झाली. राणीने दार लावून घेतले. पोर उंबऱ्याबाहेर केस मोकळे सोडून बसू लागली.

खिडकीत साळुंकी येऊन म्हणाली, "रडून झालं असेल तर चल. डोंगरापलीकडे चेटकीण आहे."

चेटकीण म्हणाली, "पाल निघणार नाही. शाप निघेल. जळत्या रानातलं लाकूड आण, अथांग डोहातलं सूत आण, आणि जिला खरं सांगशील अशी एक बाई आण. मग पालीचं बारसं कर."

लाकूड आणि सूत आणायला दोन दिवस लागले. तिसऱ्या कामाला वर्ष गेले.

साळुंकी रोज टोचे, "रानाला भ्यायली नाहीस, आणि नणंदेला भितेस?"

शेवटी राणी नणंदेच्या दारात उभी राहिली. "अंबूवन्सं, मला रोग आहे. बरा व्हायचा नाही."

"आणि वर्षभर दार लावून एकट्याच सोसत बसलात? मी काय मेले होते, वहिनी?" अंबूवन्सं ओरडल्या, मग रडल्या, मग पदर खोचून कामाला लागल्या.

लाकडाचा पाळणा झाला, सुताने टांगला. राणीने त्यात पाय ठेवले. नाव ठेवायचा मान आत्याचा. अंबूवन्सं गुडघ्यांशी वाकल्या, "कुर्रर्र" केले आणि म्हणाल्या, "हिचं नाव धोंडी. हलकंच ठेवलंय. हिचे लाड नकोत."

बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत. बाया कोणी नव्हत्या. राणीने सवयीने आपणच वन्संच्या पाठीत धपाटा हाणला, आणि मग दचकली.

वन्संचा पदर जळला नव्हता.

"हळू हो, वहिनी!" अंबूवन्सं म्हणाल्या.

राणी उठली ती थेट उंबऱ्यापाशी गेली. लेकीच्या केसांतला वर्षाचा गुंता सोडवायला दुपार पुरली नाही.

पाल गेली नाही, खोटं कशाला सांगू? अजून काही सकाळी राणी हाक मारते, "वन्सं, आज धोंडी उठलीय, वेणी तुम्ही घाला." आणि वन्सं घालतात, जरा तिरकीच.

राणीची धोंडी नावाने निजली, तुमच्या घरची तशीच निजो.