सादड्याखालची कबुली

सादडवाडीत लग्नाची वरात ओढ्यापाशी आली की गप्प होते. ताशेवाले काठ्या काखेत धरतात. डीजेची गाडी असली तर ड्रायव्हर आवाज बंद करतो. ओढ्याकाठी सादड्याचे उंच झाड आहे, आणि त्याच्या फांद्यांवर शेकडो वटवाघळे उलटी लटकलेली असतात.

सहलीला आलेल्या मुलांना वाडीतले म्हातारे लहानूबाबा याच झाडाखाली बसवतात. एकदा एका मुलाने विचारले, "बाबा, यांची अंडी कुठे असतात?"

"तू कुठल्या अंड्यातनं निघालास रे?" बाबा म्हणाले. मुले हसली, बाबा हसले नाहीत. "हैबतीलाही असंच वाटलं होतं," ते म्हणाले आणि सांगू लागले.

फार जुनी गोष्ट, असे सांगतात. हैबती वाडीतला मध काढणारा. वाडीचा नेम होता की घरट्यात पिल्लू असेल तर त्या झाडाला हात लावायचा नाही. म्हणून आधी हैबती वर चढे. खाली उतरून तो "झाड मोकळं" म्हणाला की मगच कुऱ्हाड उठे. त्याच्या शब्दावर खात्री करायला कुणी दुसऱ्याला वर पाठवत नसे.

एका वैशाखात त्याच्या रेवूचे लग्न ठरले. मांडवापुरती सावली एकट्या सादड्याची. पण वर वटवाघळांचा दिवसभर कलकलाट आणि खाली शिटांचा सडा. नवरदेवाचा चुलता जागा बघायला आला आणि त्याच्या पांढऱ्या पटक्यावर वरून पडायचे ते पडले.

"आमची माणसं इथं जेवायची का?" एवढेच विचारून तो निघून गेला.

सोयरीक मोडली तर रेवूला तोंड कसे दाखवायचे? धूर करून वटवाघळे हाकलायची, असे हैबतीने ठरवले.

नेमाप्रमाणे तो आधी चढला. फांदी न् फांदी बघितली. काडीचेही घरटे नव्हते. उतरताना मात्र हाताच्या अंतरावर एक वटवाघूळ पंख गुंडाळून लटकलेले दिसले. पंखाची घडी जराशी उघडली आणि आत, छातीपाशी, काहीतरी हलले. मिरीएवढे दोन डोळे होते म्हणे. हैबती थबकला. मग त्याला तो पटका आठवला. घरटे तर नाही ना, असे मनाशी म्हणत तो खाली आला.

"झाड मोकळं," तो म्हणाला.

ओला पाला पेटवला. भर दुपारी वटवाघळे उडाली, पण त्यांचे उडणे जड होते. ओढ्यातल्या खडकांवर टपटप काही पडू लागले. लोकांना वाटले, कच्ची फळे असतील. वाडीची सुईण यसूआत्या वाकली आणि त्यातले एक तिने तळहातावर घेतले.

"हैबती, इकडं ये. ह्याला चोच आहे का?"

"नाही, आत्या."

"पिसं?"

"नाहीत."

"अंगावर लव आहे. आणि ओठ बघ, माझं बोट चोखतंय. हे अंड्यातलं नव्हं, पोटातलं आहे. आईच्या अंगावर दूध पीत होतं. तू घरटं शोधत बसलास, आणि यांचं घरटं आईच."

"मला दिसलंच नाही, आत्या," हैबती म्हणाला.

यसूआत्याने ते पिल्लू त्याच्या तळहातावर ठेवले.

हैबतीने लग्नासाठी भरलेले पाण्याचे रांजण आगीवर रिकामे केले. जिवंत पिल्ले फडक्यात घेऊन तो पुन्हा पुन्हा वर चढला. पिल्ले इवल्या नख्यांनी साल धरून राहिली. सांजेला आया परतल्या. प्रत्येकीने नुसत्या आवाजावरून आपले पिल्लू ओळखले आणि छातीशी घेतले. एकही चुकली नाही म्हणे. अकरा आया मात्र अंधार पडला तरी ओढ्यावर फिरत राहिल्या. त्यांची पिल्ले खडकांवरच गेली होती.

वाडीने हैबतीला दोष दिला नाही. "वटवाघूळ दूध पाजतं हे कुणाला ठाऊक होतं?" लोक म्हणाले. तेच त्याला सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

मांडव खळ्यावर घातला, लग्न लागले आणि वरात निघाली. सादडा जवळ आला तेव्हा हैबतीने हात वर करून वाजंत्री थांबवली.

"काय झालं, बा?" रेवूने हळूच विचारले.

मुलीचे सासर समोर उभे होते. आता काही बोलणे म्हणजे तिच्या पहिल्याच दिवशी बापाची लाज चव्हाट्यावर मांडणे. तरी तो वर बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "मी बघितलं होतं. बघून गप्प बसलो."

मग नवरदेवाच्या चुलत्यानेच वहाणा काढून हातात घेतल्या आणि तो पावलांचा आवाज न करता झाडाखालून चालू लागला. त्याच्यामागे सगळी वरात गेली.

सादडवाडीत आजही मुलीचा बाप झाडाखाली थांबतो, वर बघतो आणि तेच वाक्य म्हणतो. वटवाघळांचे त्याने काही केलेले नसते.

"मी चार मुली उजवल्या," लहानूबाबा मुलांना सांगतात. "नुसतं म्हणायचं म्हणून म्हणायला गेलो. चारही वेळा काहीतरी आठवलंच."