टाइपरायटरवरचा दरबार

बोरगडच्या कचेरीत एका महिन्यात पाच कारकुनांच्या करंगळ्या सुजून टम्म झाल्या! दोष कुणाचा? मानापानाचा, दुसरं काय!

श्रीमंत रणधीररावांनी हौसेनं मराठी टाइपरायटर करवून घेतले आणि कोणतं अक्षर कुठं बसवायचं, हे ठरवायला दिवाण त्र्यंबकपंतांना सांगितलं. पंतांना एकच मांडणी ठाऊक, ती दरबाराची! वरच्या ओळीत त्यांनी 'क्ष', 'ज्ञ', 'ऋ' असे बडे सरदार बसवले. खालच्या ओळीत बाकीची मानकरी अक्षरं. मधली ओळ कोरी, कारण दरबारात मधल्या गालिच्यावर कुणी बसत नाही. आणि काना, मात्रा, वेलांटी हे तर हुजरे! त्यांची रवानगी पार कोपऱ्यात, दाराजवळ काढलेल्या जोड्यांपाशी. आता काना-मात्रेवाचून मराठीचं पान तरी हलतं का? शब्दाशब्दाला बिचारी करंगळी कोपऱ्यात धावायची.

पाचही कारकून पळाले. उरली सहावी, कासारआळीतली म्हाळसा. घर तिच्या पगारावर चालायचं, पळून जाणार कुठं? ती सरळ दरबारात गेली.

"सरकार, मांडणी बदला. हातच गेला तर घरच्यांना घालू काय?"

पंत कडाडले, "मानकऱ्यांना जागेवरून उठवायचं? भलतंच!"

श्रीमंतांना गंमत वाटली. "आठ दिवस देतो. एक यंत्र सोपं करून दाखव. पण एकाही मानकऱ्याला तसूभर हलवायचं नाही! नाही जमलं, तर चाकरी गेली."

म्हाळसा पाचव्याच दिवशी यंत्र घेऊन हजर! श्रीमंतांची लांबलचक बिरुदावली तिनं भर दरबारात धडाधड छापून दाखवली. करंगळी जागची हलली नाही.

पंतांनी चष्मा लावून यंत्र तपासलं. मानकरी जिथल्या तिथं होते. "आणि मधल्या ओळीत हे कोण?"

"काना, मात्रा, वेलांटी."

"हुजरे? श्रीमंतांच्या गालिच्यावर?"

"पंत, सरकारांवर चवरी ढाळणारा कुठं उभा आहे, बघा बरं!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. चवरीवाला गादीला खेटून, गालिच्यावरच उभा होता. शेजारी विड्याचं तबक घेतलेला हुजऱ्या.

"गालिच्यावर बसायची मनाई आहे, राबायची नाही," म्हाळसा म्हणाली. "जोड्यांपाशी उभं राहून चवरी ढाळली, तर वारा जोड्यांनाच लागायचा!"

पंत चिडले. "मग वरच्या ओळीतले सरदार काय शोभेला बसवले?"

"ते मी कसं सांगू? बसवले आपण!"

दरबारात वरच्या रांगेतले सरदार एकदम खाली बघू लागले. श्रीमंत मात्र पोट धरून हसले.

"म्हाळसा, आजपासून कचेरीची मुख्य कारकून तू. पगार दुप्पट! आणि पंत, तिच्या नेमणुकीचा हुकूम तुम्ही स्वतःच्या हातानं छापा. आमच्या सगळ्या बिरुदांसकट, बारा प्रती... तुमच्या मांडणीच्या यंत्रावर!"