मनासारखं घर

"करार कसा लिहावा हे माझ्याकडून शिका. वकिलीच्या पहिल्या वर्षाचा मला तीन वर्षांचा अनुभव आहे!" दादासाहेब इंगवले छाती फुगवून सांगत. बंगल्याच्या करारात त्यांनी एक ओळ मुद्दाम स्वतः घातली होती: 'काम मालकाच्या मनासारखे झाल्यावरच ठेकेदारास शेवटचा हप्ता मिळेल.'

बंगला उभा राहिला, पण दादासाहेबांचं मन काही भरेना. ठेकेदार बशीर मिस्त्री हप्ता मागायला आला, की कधी उंबरा सूतभर वाकडा दिसे, तर कधी जिना चढताना धाप लागे. धाप जिन्यामुळे नाही, पोटामुळे लागते, हे त्यांना सांगणार कोण? इकडे गवंड्यांची मजुरी थकली, तेव्हा मिस्त्रीने वकील गाठला.

वकील म्हणाले, "काम पसंत आहे, एवढं त्यांच्याकडून लेखी मिळव."

मागून लेखी देतील ते दादासाहेब कसले! पण वास्तुशांतीच्या पत्रिका मात्र त्यांनी हौसेनं गावभर वाटल्या.

वास्तुशांतीच्या दिवशी भर मांडवात मिस्त्रीने पत्रिका उघडली आणि खणखणीत वाचली, "'श्रीकृपेने आमची नवी वास्तू अगदी मनासारखी पूर्ण झाली आहे.' खाली नाव तुमचंच आहे, दादासाहेब. आता हप्ता द्या."

पाहुण्यांनी कान टवकारले. दादासाहेब कसेबसे हसले. "अरे बशीर, पत्रिकेत असलं रीतीपुरतं छापतात. ते कुणी खरं धरतं का?"

"असं होय? मग खाली 'कृपया आहेर आणू नये' छापलंय, तेही रीतीपुरतंच का? तसं सांगा, म्हणजे मंडळी घरी जाऊन आहेर घेऊन येतील."