नऊच्या आकड्यावरची दाढी

खोटं वाटलं तर माझी मिशी भादरा, पण ऐका. बाजार समितीचे सभापती आबासाहेब इंगवले आपला महागडा विलायती रेझर खिशात मिरवत. हौसाक्का बाजारात त्याचीच स्वस्त नक्कल विकायची. दोन्हींच्या मुठीवर एक ते नऊ आकड्यांची चकती; आकडा वाढवला की पातं जास्त बाहेर येऊन खोल लागायचं.

एकदा आबासाहेबांनी तिचा रेझर उचलला, चकती थेट नऊवर नेली आणि गालावर ओढला. रक्त आलं.

“बघा, नकली माल! हौसे, उचल दुकान!”

“उचलते की. फक्त तुमचा अस्सल नऊवर लावून दुसऱ्या गालावर फिरवा.”

“खुळी का काय? गाल सोलून निघंल!”

“मग माझा नकली कसा, आबासाहेब? अगदी अस्सलासारखाच सोलतोय!”

अख्खा बाजार तोंडात बोटं घालून बघत राहिला. आबासाहेबांनी गालाला तुरटी लावली, तीही हौसाक्काच्याच दुकानातली.