चिटाच्या गोधडीतला अर्धा पोपट

एक होती राणी. राजाही होता, पण तो या गोष्टीत फारसा येत नाही, बरं का. तो आपला सदा कामात.

राणीचं नाव केतकी. खूप शिकलेली. पोथ्या वाचलेल्या, ताऱ्यांची नावं पाठ. पण मांडीवर लेक आली आणि ते सगळं शिकणं कुठे गेलं कोण जाणे. बाळी रडली की राणीला वाटायचं, हिला काहीतरी होतंय. बाळी गप्प राहिली की वाटायचं, हिला नक्कीच काहीतरी होतंय. झोपली की राणी हळूच तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. मग बाळी जागी व्हायची. मग दोघी रडायच्या.

त्या नगरात एक रीत होती. बाळाची पहिली गोधडी घरोघरच्या चिंध्या मागून आणून शिवायची. प्रत्येक घरची थोडी थोडी झोप तिच्यात येते म्हणे. राणीने नाक मुरडलं.

"कुणाच्या घरी खोकला, कुणाच्या घरी खरूज. मी आपली एकाच कापडाची शिवीन. कोरी, स्वच्छ."

सासूबाई म्हणाल्या, "शीव बाई. तू शिकलेली."

मग राणीने चिटाचं कापड आणलं. निळंशार. त्यावर डाळिंबाच्या फांद्या आणि फांदीफांदीवर पोपटांची जोडी. सगळ्या जोड्या एकाच ठशाच्या, अगदी सारख्या. राणीने कापड गरम पाण्यात धुतलं. मग पुन्हा धुतलं. मग बेतायला घेतलं तर एक कोपरा वाकडाच जायला लागला! राणीने कात्री चालवली, कड सरळ केली, कातरण केरात टाकलं. मग मऊ मलमल आत घालून कडेकडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत आली. इवलीशी गोधडी, पण अशी देखणी झाली म्हणून सांगू!

ती अंगावर घातली त्या दिवसापासून बाळी तिन्हीसांजेला रडायला लागली. दूध पिईना, झोपेना. गुबगुबीत गाल उतरले.

मग राजवैद्य आले. त्यांनी घुटी दिली. बाळीने ती त्यांच्याच उपरण्यावर काढली. मग सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या, बाळी आणखीच रडली. मग पाळणा पूर्वेकडून पश्चिमेला हलवला. बाळी पश्चिमेला रडली.

राणीचे उपाय संपले. आता काय करावं हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती नुसती बसली आणि बघायला लागली. बाळी रडते तेव्हा बघते कुठे? बाळी बघत होती गोधडीच्या कोपऱ्याकडे. मग राणीनेही तिकडे बघितलं.

आणि काय सांगू! बाहेर उन्हं उतरली, तसे गोधडीवरचे पोपट हलायला लागले. हा फांदीवरून सरकला, तो त्याच्या कुशीत शिरला. पिसं फुलवली, एकेक पाय पोटाशी घेतला, माना पंखात घातल्या. एकेक जोडी झोपून गेली. राणीने खरं तर भ्यायला हवं होतं. एरवी पाल चुकचुकली तरी ती भ्यायची. पण आज तिला भ्यायचं सुचलंच नाही. ती आपली वाकून वाकून बघत राहिली.

कोपऱ्यात मात्र एक पोपट जागाच होता. त्याच्या शेजारी होती नुसती एक चोच आणि एक डोळा. बाकी अंगच नाही! पाय नाही तर पोटाशी घेणार काय? पंख नाही तर मान घालणार कुठे? "टीव, टीव," ती चोच रडत होती आणि ते ऐकून बाळी रडत होती.

"अगं बाई!" राणी म्हणाली. "कड सरळ करायला मी पोपट कापला!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कातरण शोधायला निघाली. दासी म्हणाली, "इतकं छान कापड केरात कशाला घालू, राणीसाहेब? लागेल त्याला वाटून टाकलं."

मग राणी गेली मुदपाकखान्यात. तिथे लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला होता. त्यावर पोपटाचं पोट आणि पाय, हळदीने पिवळेधमक. राणीने तुकडा सोडून घेतला, घासघासून धुतला. पिवळा तो पिवळाच.

मग गेली माळणीकडे. माळणीच्या लेकीची बाहुली पोपटाचा पंख नेसून बसलेली. पोर म्हणाली, "अन् माझ्या ठमीनं काय उघडं राहायचं?" राणीने आपल्या शालूच्या पदराचा तुकडा फाडून दिला. "जरीचा पदर टोचेल तिला," पोर म्हणाली, पण घेतला बरं का.

मग गेली पार गावकुसाला, कुंभाराकडे. कुंभाराच्या अंगठ्याला चिंधी. चिंधीवर पोपटाची शेपटी.

"अहो, हिला चिखल लागलाय, पाल्याचं औषध लागलंय," कुंभार म्हणाला. "धुऊन, वाळवून उद्या देतो की."

राणीचंही मन म्हणालं, उद्या. पण ऊन भट्टीमागे उतरलं होतं. आता बाळी रडायला लागली असेल. राणीने हात पुढे केला. "अशीच द्या, दादा."

मग ती धावत घरी आली आणि सुईदोरा घेऊन बसली. पोट जोडलं, पंख जोडला, शेपटी जोडली. पोपटाने अंग झाडलं. लोणच्यातल्या मोहरीच्या वासाने एकदा शिंकला. मग जोडीदाराला बिलगला, पाय पोटाशी घेतला, मान पंखात घातली. बाळीने हुंदका दिला. मग जांभई दिली. मग झोपली.

सासूबाईंनी डोकावून बघितलं. "कोपरा वाकडा झालाय गं."

"होऊ दे," राणी म्हणाली. हे ती जन्मात पहिल्यांदा म्हणाली.

तरी सवयीने तिचं बोट बाळीच्या नाकाकडे निघालंच. निघालं आणि अर्ध्या वाटेत थांबलं. कारण गोधडीवरचे पोपट हळूहळू वर जात होते, हळूहळू खाली येत होते. वर, खाली. बाळीच्या श्वासाबरोबर. राणी ते बघत बसली, आणि बघता बघता तिचाही डोळा लागला.

मग ते सगळे सुखात राहिले. आणि आता बघा, तुमच्या पांघरुणावरच्या सगळ्यांनीही माना आत घातल्यात. जागे तेवढे तुम्ही राहिलात. चला, पाय पोटाशी घ्या पाहू.