ढोलीतला खडा

एका कड्याच्या माथ्यावर, उंच झाडांच्या शेंड्यांत, एक शेकरू राहत असे. त्याच कड्याखालच्या घळीत, खडकाच्या कपारीत, एक पिसोरी आपल्या पाडसाला घेऊन राहत असे. पिसोरी म्हणजे सशाहून थोडी मोठी, अंगावर पांढरे ठिपके असलेली, हरणासारखी दिसणारी आणि फार भित्री. शेकरूला उंचावरून सारं रान दिसे. पिसोरीला समोरच्या कारवीच्या झुडपांपलीकडचं काहीच दिसत नसे. दोघांच्या मधून एक ओढा कोसळत होता, आणि त्याच्या आवाजात वरून मारलेली हाक खाली कधीच पोचत नसे.

म्हणून वरच्यांनी आणि खालच्यांनी मिळून फार पूर्वीच एक रीत घालून दिली होती. उतारावर मधोमध ऐनाचं एक जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्याला, अगदी जमिनीजवळ, एक छोटी ढोली होती. काही कळवायचं असलं की शेकरूने उतरून त्या ढोलीत एक खूण ठेवायची. करवंदीची काटेरी काटकी ठेवली तर बिबट्या फिरतो आहे, घळीबाहेर पडू नका. उंबराचं पान ठेवलं तर उंबर पिकला आहे, खायला या. खूण ठेवली की ऐनावर राहणाऱ्या सुतार पक्ष्याने खोडावर टकटक करायची. ती टकटक मात्र ओढ्याच्या आवाजातूनही घळीत ऐकू जाई. मग पिसोरीने यायचं, खूण काढून घ्यायची आणि तिच्या जागी ओढ्यातला एक गुळगुळीत खडा ठेवायचा. खडा म्हणजे ‘खूण मिळाली’. ढोलीत खडा दिसल्याशिवाय शेकरूने दुसरी खूण ठेवायची नाही, कारण ढोलीत एका वेळी एकच वस्तू मावत असे.

मुलांनो, तुम्हाला ही रीत वेळखाऊ वाटेल. पण माझं पोट याच रीतीवर चालतं. तुमच्या घरातल्या मोबाईलच्या आत एकाहून जास्त प्रोसेसर असतात, आणि त्यांनाही एकमेकांची हाक ऐकू येत नाही. एकाने ठरलेल्या जागी निरोप ठेवायचा, दुसऱ्याला टकटक करायची, दुसऱ्याने निरोप उचलून पोच द्यायची. ही देवाणघेवाण सांभाळणारा प्रोग्रॅम मी लिहितो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्या कामात मीही एकदा शेकरूसारखा वागलो आहे. त्यामुळे ही गोष्ट मला हसत हसत सांगता येत नाही.

शेकरू मनाचं वाईट नव्हतं. फक्त त्याला दम धरवत नसे. पिसोरी चार पावलं चाले, थांबे, वास घेई, कान टवकारी आणि मग पुढचं पाऊल टाकी. ती ऐनापाशी येईपर्यंत शेकरूचा जीव नुसता कासावीस होई.

एका सकाळी शेकरूला बिबट्या दिसला. तो ओढ्याकडे उतरत होता. शेकरू लगोलग खाली आलं, ढोलीतला जुना खडा काढून त्याने तिथे काटेरी काटकी ठेवली आणि सुतार पक्ष्याला सांगितलं. सुतार पक्ष्याने टकटक केली. घळीत पिसोरीने ती ऐकली, पण पाडस दूध पीत होतं. त्याचं पोट भरू दे, मग जाऊ, असं तिने ठरवलं. यात तिचं काही चुकलं नाही, कारण आलेली खूण ढोलीत राहते, पळून जात नाही, असाच तिचा आजवरचा अनुभव होता.

तोवर शेकरू पुन्हा शेंड्यावर पोचलं होतं. तिथून त्याला ओढ्याकाठचा उंबर दिसला. उंबर लालेलाल पिकला होता आणि वानरांची टोळी त्याच दिशेने निघाली होती. घळीत चार दिवस कुणालाच पोटभर मिळालेलं नव्हतं, हे शेकरूला ठाऊक होतं. त्याने उंबराचं एक पान तोडलं आणि ते परत ऐनापाशी आलं. ढोलीत खडा नव्हता. काटकी तशीच होती.

“थांब जरा,” वरच्या फांदीवरून सुतार पक्षी म्हणाला. “खडा आला का?”

“नाही आला. तिच्या खड्याची वाट बघत बसलो, तर वानरं सगळा उंबर फस्त करतील. मी तिच्या भल्यासाठीच करतोय ना?”

“मग आधीच्या खुणेचं काय करणार?”

“ती काढून इथे मुळाशी ठेवतो. तिला काय दिसायची नाही? आणि तू दुसऱ्यांदा टकटक केलीस की तिला आपोआप कळेल, खुणा दोन आहेत म्हणून. पहिली बघून थांबेल, धोका टळला की दुसरी बघून येईल.”

सुतार पक्ष्याला हे काही पटलं नाही. पण वर बसणाऱ्या त्याला ढोलीत काय आहे ते दिसत नसे, आणि सांगितल्यावर टकटक करायची एवढंच त्याचं काम होतं. त्याने टकटक केली आणि तो किडे शोधायला दुसऱ्या झाडावर उडून गेला.

दुसरी टकटक झाली तेव्हा पिसोरी पहिलीसाठी निघालेलीच होती. ती एकदाच आली. आजवर बघत आली होती तसं तिने ढोलीत बघितलं. ढोलीत उंबराचं पान होतं. काटकी मुळाशी पाचोळ्यात पडली होती आणि पाचोळ्यातलीच एक वाटत होती. पिसोरीने पान तोंडात धरलं, खडा ठेवला आणि ती आनंदाने घरी परतली.

“तू इथेच थांब हं,” ती पाडसाला म्हणाली. “मी खाऊन येते, म्हणजे तुलाही पोटभर दूध मिळेल.”

इकडे शेकरू पुन्हा उतरून बघतं तो ढोलीत खडा. “पोचल्या बाई एकदाच्या दोन्ही खुणा,” ते स्वतःशीच म्हणालं. खडा एकच होता. मुळाशी काटकी आहे की गेली, एवढं वाकून बघायलाही ते थांबलं नाही.

शेंड्यावर जाऊन बसल्यावर त्याला कारवीतून बाहेर येणारी पिसोरी दिसली. ती सरळ उंबराकडे चालली होती. उंबरामागच्या खडकाआड काहीतरी पिवळं हललं. शेकरू जिवाच्या आकांताने ओरडलं, फांदीवर थडाथडा उड्या मारत ओरडलं. पण मधे ओढा होता. पिसोरीने मान खाली घालून पहिलं उंबर उचललं, आणि बिबट्याने झडप घातली. बिबट्याला भूक लागली होती. त्याला बोल लावून काय उपयोग?

शेकरू धडपडत ऐनापाशी आलं. काटकी ठेवली होती तिथेच पडलेली होती. सुतार पक्षी परतला होता, आणि त्यानेही ती आता पाहिली.

“दोनदा टकटक झाली होती,” शेकरू म्हणालं. “तिने दोन खुणा शोधायला हव्या होत्या.”

“टकटक एवढंच सांगते की ढोलीत काहीतरी आहे, ये,” सुतार पक्षी म्हणाला. “काय आहे आणि किती आहे, ते तिला ढोलीनेच सांगायचं. आणि ढोलीत तू पान ठेवलं होतंस.”

शेकरू त्या मुळाशी बसून रडलं. त्याला स्वतःचीच शरम वाटत होती. आणि घळीत पाडस कपारीतच बसून होतं. आई थांब म्हणाली होती, म्हणून ते दिवसभर जागचं हललं नाही.

पाडस जगलं. शेजारच्या म्हाताऱ्या साळिंदराने त्याला कोवळा पाला खायला शिकवला. मोठं झाल्यावर खूण न्यायला येण्याचं आईचं काम त्यानेच घेतलं.

पुढे पुन्हा उंबर पिकला. शेकरूने सकाळी ढोलीत पान ठेवलं, टकटक झाली, पण खाली कुणी येईना. घळीत दरड घसरून वाट अडली होती. तेवढ्यात माथ्यावर जांभळंही पिकल्याचं शेकरूला समजलं आणि तेही कळवण्यासारखं होतं. पण शेकरू ऐनाच्या फांदीवर बसून राहिलं. वानरांनी उंबर खाल्ला, जांभळंही खाल्ली. ऊन कलल्यावर त्या पाडसाची झालेली तरुण पिसोरी दगडांतून वाट काढत आली.

“शेकरूकाका, तुम्ही सकाळपासून इथेच?” तिने विचारलं. “आता तर खायला काही उरलंही नसेल.”

“नाही उरलं,” शेकरू म्हणालं.

“मग थांबलात कशाला?”

“खडा नव्हता, बाळ.”

पिसोरीने पान काढून घेतलं आणि तिथे खडा ठेवला.

तात्पर्य : निरोप ठेवून टकटक केली म्हणजे तो पोचला असं होत नाही. पहिल्याची पोच हाती येईपर्यंत दुसरा निरोप त्याच्या जागी ठेवू नये, मग तो कितीही भल्याचा असो.