श्रावणात बघायचं घर

एका बाजारगावात सगुणाबाई नावाची ताठ मानेची बाई राहत असे. पडकी घरे विकत घ्यायची, ती नीट बांधून काढायची आणि भाड्याने द्यायची, हा तिचा धंदा. चांगला भाव आला की एखादे घर विकायचीही. तिची एक रीत होती. घर भाड्याने देण्याआधी ती स्वतः महिनाभर तिथे बिऱ्हाड करायची. चूल पेटवून धूर कुठे कोंडतो ते बघायची, मोरीत अंघोळ करून पाणी कुठे तुंबते ते बघायची. "मला जिथं झोप लागत नाही, त्या घराचं भाडं मी घेत नाही," असे ती चारचौघांत सांगायची. जरा जास्तच वेळा सांगायची, पण ते खरे होते. गावालाही तिचा अभिमान होता.

एकदा पेठेतले एक दुमजली घर विकायला निघाले. सगुणाबाईचा त्यावर कधीपासून डोळा होता. ते घ्यायचे तर टेकडीखालचे आपले घर विकायला हवे होते. गिऱ्हाईक लगेच मिळाले. परगावचे गुलाबशेठ म्हणाले, "सगुणाबाईंचं घर ना? मग त्यात बघायचं काय!" ऐन वैशाखात सौदा ठरला.

त्या घरात बांगड्या विकणारी भामा भाड्याने राहत होती. मालक बदलणार, हे सांगायला सगुणाबाई तिच्याकडे गेली.

भामा म्हणाली, "नव्या मालकांना एवढं सांगा, बाई. श्रावणात सैपाकघरात पाणी येतं. पाटावर बसून भाकरी कराव्या लागतात."

सगुणाबाई चपापली. त्या घरात तिने बिऱ्हाड केले होते ते चैत्रात.

"अगं, दोन पावसाळे गेले. मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या घरात खोट नसते, असं सगळं गाव म्हणतं. मला वाटलं, माझ्याच हातून पाणी सांडत असेल."

हे मात्र सगुणाबाईच्या जिव्हारी लागले.

तिचा भाऊ केरबा म्हणाला, "अक्का, पाऊस अजून लांब आहे. शेठनं काही विचारलंय का? मग झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझीच आहे, केरबा. आत काय आहे ते मला ठाऊक आहे," असे म्हणून सगुणाबाई उठली आणि गुलाबशेठना भर बाजारात सगळे सांगून आली.

शेठनी सौदा मोडला. दुमजली घर दुसऱ्याने घेतले. कालपर्यंत कौतुक करणारे लोक हसले. सगुणाबाईला फार वाईट वाटले, पण ती हात बांधून बसली नाही. भामाला तिने आपल्या घरी राहायला नेले. टेकडीचे पाणी जमिनीतून झिरपत होते, म्हणून घरामागे खोल चर खणला. सैपाकघराची जमीन उकरून नवी फरशी घातली. मग आषाढात भामाबरोबर स्वतःही तिथे बिऱ्हाड केले. फरशी कोरडीच राहिली. तेव्हा तिने शेठना निरोप धाडला, "पाऊस धो धो कोसळेल त्या दिवशी या."

श्रावणात गुलाबशेठ आले. छत्री दाराशी ठेवून पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी ते सैपाकघरात खुशाल मांडी घालून बसले. भामाने चहा दिला. तो सावकाश पिऊन शेठ उठले आणि त्यांनी धोतराला मागे हात लावून बघितला. धोतर कोरडे होते.

"भाव बोला, बाई."

"वैशाखात ठरला होता तोच."

"आणि दुरुस्तीचा खर्च?"

"चूक माझी होती. तिचा खर्च तुम्ही का द्यायचा? पण एक अट आहे. भामा इथंच राहील. तिनं घरात खोट दाखवली, तर ती ऐकून घ्यायची."

शेठनी मान डोलावली. चुलीपाशी भामा, सगुणाबाईसारखीच, ताठ बसली होती.

तात्पर्य: आपल्या नावाचा खरा अभिमान असेल, तर खोट झाकू नये. ती आपणच सांगावी, आपणच निस्तरावी, आणि दुसऱ्याला ती दाखवायची भीती वाटणार नाही असे वागावे.